तारीख बदलता येईल का? गुण रद्द करता येतील का? – वाचकांचे प्रश्न

बारावीच्या वर्षात आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक विषय सातत्याने असतो: दिलेली किंवा द्यावयाची प्रवेश परीक्षा रद्द करणे, पुढे ढकलणे, किंवा तिचे गुण नाहीसे करणे. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या अशा काही पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी बार्शीचा विद्यार्थी आहे. जानेवारीतील जेईई मेनमध्ये मला ७१ पर्सेंटाइल मिळाले. हे गुण रद्द करता येतात का? ते कायम राहिले, तर एप्रिलच्या परीक्षेवर किंवा महाविद्यालयांच्या मतावर त्यांचा परिणाम होईल का?

जेईई मेनमध्ये उमेदवाराने स्वतःहून गुण रद्द करण्याची सोय नाही आणि तुम्हाला तिची गरजही नाही. ही परीक्षा घेणारी राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, दोन्ही सत्रांना बसलेल्या उमेदवाराचे जे पर्सेंटाइल (किती टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत हे सांगणारा आकडा) अधिक असेल तेच गुणवत्ता यादीसाठी धरते. कमी असलेले पर्सेंटाइल बाजूला पडते. त्याची सरासरी काढली जात नाही, त्यापायी वजावट होत नाही, आणि महाविद्यालयाने त्यावरून मत बनवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण प्रवेश मुलाखतीने नव्हे तर यादीतील क्रमांकाने होतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की एप्रिलच्या सत्रासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो आणि वेगळे शुल्कही भरावे लागते. जानेवारीत परीक्षा दिली म्हणजे एप्रिलची नोंदणी आपोआप झाली, अशा समजुतीत राहून मुदत चुकवणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. जानेवारीच्या निकालाची चिंता करण्यात वेळ घालवण्याऐवजी एनटीएचे संकेतस्थळ पाहून तो अर्ज आधी भरावा.

राज्यातील बहुतांश अभियांत्रिकी जागा एमएचटी-सीईटीवर, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर, भरल्या जातात, हेही विसरू नये. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुणवजावट नाही, गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत, आणि सुमारे ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. २०२६पासून पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) या गटांना तेथेही दुसरी, ऐच्छिक संधी देऊन दोहोंपैकी चांगले पर्सेंटाइल धरण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आहे. तेव्हा ७१ हा आकडा पुसून टाकण्याची धडपड करू नका. तो कोणत्या विषयामुळे खाली आला हे पाहा. जानेवारीपर्यंत अनेकांचा बारावीचा रसायनशास्त्राचा भाग पुरा झालेला नसतो, आणि पर्सेंटाइल तेथेच अडकलेले आढळते.

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात बारावी विज्ञान शाखेत शिकते. अमेरिकेत पदवीसाठी जाण्याचा तिचा विचार आहे. तिने पुण्यातील केंद्रासाठी एसएटीची नोंदणी केली आणि त्याच दिवशी महाविद्यालयाने पूर्वपरीक्षेचा पेपर ठेवला. तारीख बदलण्याची रीत काय? न गेल्यास काय होते?

एसएटी घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था तारखेच्या बाबतीत आपल्याकडील परीक्षांपेक्षा पुष्कळ मोकळी आहे. येथे कारण सांगावे लागत नाही, प्रमाणपत्र जोडावे लागत नाही. आपल्या खात्यातून जुनी नोंदणी रद्द करावी आणि सोयीच्या तारखेची नवी नोंदणी करावी. मुदतीत रद्द केल्यास शुल्काचा काही भाग परत मिळतो. मुदत जवळ येत जाईल तशी कपात वाढते, आणि न कळवता गैरहजर राहिल्यास काहीही परत मिळत नाही. गैरहजेरीचा दुसरा तोटा मात्र नाही. त्या दिवसाचे गुणच तयार होत नसल्याने विद्यापीठाला काही कळण्याचा संबंध येत नाही.

आधी जुनी नोंदणी रद्द करून मग नवी जागा शोधण्याचा क्रम आम्ही सुचवणार नाही. भारतातील केंद्रे मोजकी आहेत आणि पुण्यातील जागा लवकर भरतात. प्रथम हव्या त्या तारखेला पुण्यात जागा शिल्लक आहे का ते पाहावे, नसल्यास मुंबई किंवा हैदराबाद पाहावे, आणि जागा दिसल्यानंतरच जुनीवर हात घालावा. सोलापूरकरांसाठी हैदराबादही तसे दूर नाही, पण पुण्याच्या पलीकडे पाहण्याची आपल्याला सवय नसते.

तारीख निवडताना अर्जांचे वेळापत्रक समोर ठेवावे. भारतात ही परीक्षा साधारणपणे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, मार्च, मे आणि जून या महिन्यांत होते. अमेरिकी विद्यापीठांच्या लवकरच्या अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबरच्या आसपास आणि नियमित अर्जांची जानेवारीच्या आरंभी असते. बारावीच्या वर्षातील मार्चची परीक्षा त्या वर्षीच्या प्रवेशासाठी उशिराची ठरते, शिवाय ती बोर्डाच्या परीक्षेच्या ऐन हंगामात येते. पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीत घेण्याची आपल्या महाविद्यालयांची पद्धत लक्षात घेता ऑगस्ट किंवा ऑक्टोबर हे महिने अधिक सुरक्षित आहेत, आणि खरे तर अकरावीनंतरचा जून त्याहून चांगला.

एक गोष्ट आणखी. परीक्षा सकाळी लवकर सुरू होते आणि दारे बंद झाल्यावर कोणालाही आत घेत नाहीत. सोलापूरहून पहाटे निघून, हुतात्मा किंवा वंदे भारतने जाऊन ती वेळ गाठता येणार नाही. आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम ठेवावा. ही परीक्षा ज्यावर होते ते ब्लूबुक हे ॲप लॅपटॉपवर आधीच घेऊन त्यातील परीक्षेची पूर्वतयारी सोलापुरातच पूर्ण करावी, आणि नोंदणीतील नाव ओळखपत्रातील नावाशी अक्षरशः जुळते का हे तपासावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे आणि आडनाव शेवटी, किंवा कागदपत्रांत आडनाव आधी, अशा तऱ्हा असल्याने हा घोळ सर्रास होतो.

प्रश्न : माझ्या मुलाने नुकतीच एसएटी दिली. गणिताचा दुसरा भाग फार सोपा आला, म्हणजे पहिला भाग बिघडला असणार, असे तो म्हणतो आणि गुण रद्द करण्याचा हट्ट धरून बसला आहे. काय करावे? – एक पालक, जुळे सोलापूर

या पत्राला थोडे सविस्तर उत्तर देणे आवश्यक आहे, कारण येथे घाईने घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही.

प्रथम मुलाच्या तर्काविषयी. भारतासह अमेरिकेबाहेर मार्च २०२३पासून, आणि अमेरिकेत मार्च २०२४पासून, ही परीक्षा संगणकावर घेतली जाते. वाचन-लेखन आणि गणित असे तिचे दोन विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाचे दोन भाग. वाचन-लेखनाला ६४ मिनिटे आणि गणिताला ७० मिनिटे मिळून एकूण वेळ २ तास १४ मिनिटे होतो. पहिल्या भागातील कामगिरी पाहून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. पहिला भाग चांगला गेला तर दुसरा कठीण येतो आणि वरच्या गुणांची वाट मोकळी राहते. सोपा भाग आला तर गुणांना वरून मर्यादा पडते. एवढ्यापुरते मुलाचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ‘सोपा वाटला’ आणि ‘सोपा आला’ यांत अंतर आहे. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या गणिताची सवय झालेल्या मुलाला एसएटीचा कठीण भागही सोपा वाटू शकतो, कारण त्या परीक्षेत कलनशास्त्र येतच नाही, बीजगणित आणि त्याच्या आसपासचा भागच अधिक असतो. परीक्षेच्या खोलीतील भावनेवरून गुणांचा अंदाज बांधणारे विद्यार्थी दोन्ही दिशांनी चुकतात.

आता रद्द करण्याविषयी. ज्या शनिवारी परीक्षा झाली, त्यानंतरच्या गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत गुण रद्द करण्याची विनंती करता येते. आपल्या घड्याळात ही वेळ शुक्रवारी सकाळी येते. मार्च ते नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे असल्याने तेव्हा ९ वाजून २९ मिनिटे, आणि हिवाळ्यात १० वाजून २९ मिनिटे. म्हणजे निर्णय निकाल पाहण्याआधीच घ्यावा लागतो. रद्द झालेले गुण पुन्हा मिळत नाहीत, ते विद्यार्थ्यालाही कळत नाहीत आणि शुल्कही परत येत नाही.

निकाल न पाहता तो नष्ट करण्याची गरज फार थोड्यांना पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोणत्या तारखेचे गुण विद्यापीठाला पाठवायचे हे निवडण्याची मुभा कॉलेज बोर्ड स्वतःच देते. वाईट गेलेल्या तारखेचे गुण पाठवलेच नाहीत, तर बहुतेक विद्यापीठांना ते दिसत नाहीत. पुष्कळ विद्यापीठे तर वेगवेगळ्या तारखांतील वाचन-लेखनाचे उत्तम गुण आणि गणिताचे उत्तम गुण एकत्र करून विचारात घेतात. तुमच्या मुलाचे गणित खरोखर बिघडले असले तरी त्याच दिवशीचे वाचन-लेखन चांगले गेले असेल, तर गुण रद्द करून तो ते चांगले गुणही गमावून बसेल. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाच्या बाबतीत तर वाचन-लेखनाचे चांगले गुण पुन्हा मिळवणे अधिक कष्टाचे असते.

अपवाद दोन. जॉर्जटाऊनसारखी काही विद्यापीठे सर्व तारखांचे गुण मागतात. मुलाच्या यादीत असे विद्यापीठ असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावरील नियम गुरुवारच्या आत वाचावा. दुसरा अपवाद म्हणजे परीक्षेत मध्येच आजारी पडून अर्धे प्रश्न तसेच राहिले असतील तर. पण तेथेही, ज्या विद्यापीठांना गुण निवडून पाठवता येतात त्यांच्यासाठी रद्द करण्याने काही विशेष साधत नाही. मोफत गुणपत्रकांसाठी आधीच विद्यापीठांची नावे भरून ठेवली असतील, तर मात्र त्या नावांचा विचार तातडीने करावा. परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत ती बदलता येतात, आणि रद्द करण्यापेक्षा हा उपाय कितीतरी सौम्य आहे.

लॅपटॉप बंद पडणे, केंद्रातील वीज किंवा इंटरनेट जाणे, यांमुळे परीक्षा बिघडली असेल तर तो विषय निराळा. तशी नोंद केंद्रावरील पर्यवेक्षकाकडे त्याच वेळी व्हायला हवी आणि कॉलेज बोर्डाकडे लगेच तक्रार जायला हवी.

एसएटीऐवजी एसीटी ही तशीच दुसरी अमेरिकी परीक्षा देणाऱ्यांसाठी : तेथेही कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे विद्यार्थीच ठरवतो, आणि एखाद्या तारखेची नोंद कायमची काढून टाकण्याची विनंती निकाल पाहिल्यावरही करता येते. एवढी मुभा असतानाही ती वापरण्याची वेळ क्वचितच येते.

प्रश्न : नीटच्या ऐन दिवशी माझ्या मुलीला टायफॉइड झाला. रुग्णालयाचे प्रमाणपत्र आहे. तिला दुसरी तारीख मिळावी म्हणून कोठे अर्ज करावा? – एक आई, पंढरपूर

आपल्याला खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही. वैयक्तिक आजारपणासाठी नीट-यूजीची दुसरी तारीख मिळत नाही. जेईई किंवा सीईटी संगणकावर अनेक शिफ्टमध्ये होते. नीट मात्र देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी, कागदावर होते आणि तिची दुसरी शिफ्ट नसते. एका उमेदवारासाठी दुसरी परीक्षा घ्यायची म्हणजे दुसरी प्रश्नपत्रिका काढायची आणि दोन प्रश्नपत्रिकांचे गुण एकाच यादीत बसवायचे. नीट घेणारी एनटीए हे स्वतःहून करत नाही. २०२०मध्ये करोनामुळे १३ सप्टेंबरची परीक्षा चुकलेल्यांसाठी १४ ऑक्टोबरला ती पुन्हा घेतली गेली, पण ती सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाने आणि देशव्यापी साथीच्या परिस्थितीत.

प्रमाणपत्र जपून ठेवावे. पुढे वर्ष का गेले हे सांगावे लागल्यास ते उपयोगी पडेल, पण दुसरी तारीख मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटांना पैसे देऊ नयेत. या वर्षीच्या वाटा पाहायच्या झाल्यास, आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठीही नीट लागते, त्यामुळे ते दरवाजे बंद आहेत. बी. फार्मसी आणि कृषी पदवीचे प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पीसीबी गटावर होतात, बीएस्सी नर्सिंगची स्वतंत्र सीईटी आहे. मुलीने यांपैकी एखादी परीक्षा दिली असेल तर प्रवेश प्रक्रियेत नाव नोंदवून ठेवावे. नीट कितीही वेळा देता येते. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या प्रयत्नात आलेली मुले काही थोडी नाहीत.

प्रश्न : सप्टेंबर २०२५मध्ये सीनेच्या पुराने आमचे गाव वेढले गेले होते. असाच पूर किंवा पाऊस परीक्षेच्या दिवशी आला, तर मुलांना दुसरी संधी मिळते का? – माढा तालुक्यातील एक शेतकरी

मिळू शकते, आणि याबाबत आपल्या राज्याचा अनुभव तुलनेने बरा आहे. करोनामुळे लांबलेली २०२०ची सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली. त्याच महिन्यात अतिवृष्टीने सोलापूर जिल्ह्यातही हाहाकार उडाला. पाऊस आणि मुंबईतील वीजपुरवठा खंडित होणे अशा कारणांनी परीक्षा हुकलेल्यांसाठी ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलने नोव्हेंबरमध्ये अतिरिक्त सत्र घेतले. जुलै २०२१मध्ये जेईई मेनच्या तिसऱ्या सत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर येथील ज्या उमेदवारांना २५ आणि २७ जुलैला केंद्रावर पोहोचता आले नाही, त्यांना दुसरी संधी देण्याचे एनटीएने जाहीर केले. आपण उल्लेख केलेल्या पुराच्या वेळी एमपीएससीने २८ सप्टेंबरची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली.

या तिन्ही वेळी निर्णय आपत्तीग्रस्त भाग किंवा परीक्षा पाहून झाला. एकेका उमेदवाराच्या अर्जावर तो झाला नाही. म्हणून गावाला पाण्याचा वेढा पडल्यास एकट्याने ई-मेल पाठवून थांबू नये. तहसील कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, लोकप्रतिनिधींना कळवावे, रस्ता बंद असल्याचे छायाचित्र तारीख-वेळेसह ठेवावे आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवावे. पाऊस ओसरल्यावर आठवड्याने केलेल्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही.

नेहमीच्या वेळापत्रकात नीट मेमध्ये आणि सीईटी एप्रिल-मेमध्ये होते. तेव्हा फार तर वळीव येईल, सीनेला पूर येणार नाही. पावसाळ्यात सापडते ती कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, फेरी. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चालणाऱ्या या प्रक्रियेत ठरलेल्या तारखेपर्यंत जागा स्वीकारून प्रत्यक्ष महाविद्यालयात हजर राहिले नाही, तर हातची जागा जाते. परीक्षेसाठी सगळे गाव धावून येते, पण ‘रिपोर्टिंग’ची तारीख एकट्या विद्यार्थ्याच्या लक्षात असते. पावसाळ्यात कागदपत्रांचा संच आणि शुल्काची तरतूद दोन दिवस आधीच तयार ठेवावी.

प्रश्न : सीईटी आणि दुसरी परीक्षा एकाच दिवशी आली तर? माझा मित्र म्हणतो, दोन अर्ज भर, एक तरी तारीख जमेल. – एक विद्यार्थी, अक्कलकोट

मित्राचा सल्ला पाळू नका. एकाच परीक्षेसाठी एकापेक्षा अधिक अर्ज भरणे नियमबाह्य आहे आणि त्यावरून उमेदवारीच रद्द होऊ शकते. दोन्ही परीक्षांची प्रवेशपत्रे जोडून, ज्या परीक्षेचे अनेक दिवस आहेत त्या संस्थेकडे (म्हणजे बहुधा सीईटी सेलकडे) तारीख बदलण्याची लेखी विनंती प्रवेशपत्र हाती आल्याच्या दिवशीच करावी. ती मान्य होईलच असे नाही.

प्रश्न : एखाद्या शिफ्टचा पेपर संस्थेनेच रद्द केला, तर ज्यांचा चांगला गेला त्यांचे काय? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

त्यांनाही पुन्हा बसावे लागते, आणि ते त्यांच्या दृष्टीने अन्यायाचे आहे हे मान्य केले पाहिजे. २७ एप्रिल २०२५च्या सकाळच्या शिफ्टमध्ये एमएचटी-सीईटीच्या गणितातील २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका आढळल्या आणि त्या शिफ्टच्या २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. गणिताला दोन-दोन गुण असल्याने २१ प्रश्न म्हणजे २००पैकी ४२ गुण. इतके गुण गाळून उरलेल्यांवर पर्सेंटाइल काढणे अधिकच अन्यायाचे झाले असते.

२०२४च्या नीटमध्ये वेगळा मार्ग निघाला. वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण मिळालेल्या १,५६३ उमेदवारांना, वाढीव गुणांशिवायचे मूळ गुण ठेवा किंवा २३ जूनला पुन्हा परीक्षा द्या, असा पर्याय दिला गेला. त्यांपैकी ८१३ जण बसले. पेपरफुटीच्या आरोपांवरून संपूर्ण परीक्षा रद्द करण्याची मागणी मात्र सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला फेटाळली, कारण संपूर्ण परीक्षेचे पावित्र्य भंगल्याचे पुराव्याने दिसत नव्हते. याउलट २०१५ची एआयपीएमटी ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा त्याच न्यायालयाने पूर्ण रद्द केली आणि ती २५ जुलैला पुन्हा झाली. गैरप्रकार किती पसरला आणि दोषी वेगळे काढता येतात का, यावर निकाल फिरतो. वाहिन्यांवर चर्चा किती रंगली, याचा त्याच्याशी संबंध नाही.

एकट्या प्रश्नाविषयी शंका असेल तर उत्तरतालिका प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप घ्यावा. जेईई आणि नीटसाठी प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये पडतात. पुस्तकातील पान जोडून घेतलेला आक्षेप टिकतो.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. जीआरई पुढे ढकलायची असल्यास? – सोलापूर

जीआरई, म्हणजे परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, असेल तर तिच्या किमान चार दिवस आधी तारीख बदलता येते, त्यासाठी वेगळे शुल्क लागते, आणि त्याच मुदतीत रद्द केल्यास सुमारे निम्मी रक्कम परत मिळते. परीक्षा संपताच पडद्यावर गुण नोंदवायचे की रद्द करायचे हे विचारले जाते. तेथे ‘नोंदवा’ हाच पर्याय निवडावा, कारण गुण पाहिल्यावर कोणते पाठवायचे हे नंतर ठरवता येते. चुकून रद्द केलेच तर परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत शुल्क भरून ते परत मिळवता येतात. पुन्हा परीक्षा द्यायची असल्यास दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. डिसेंबरच्या मुदतीची विद्यापीठे यादीत असतील तर पहिली परीक्षा सप्टेंबरच्या पुढे नेऊ नका.